पृथ्वीचं वय 6 हजार की 454 कोटी? मित्राशी भांडण्याआधी नागपूरचा दगड बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नास्तिक, मिहानमधल्या ऑफिसात शेजारी बसणारा तुमचा मित्र ख्रिस्ती. डबा खाताना विषय निघाला. तो म्हणाला, पृथ्वी 6 हजार वर्षांपूर्वी देवाने सहा दिवसांत निर्माण केली, जीवाश्म सगळे बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयातले आणि कार्बन डेटिंग खोटं आहे. तुम्ही व्हिडिओ पाठवले, त्याने उलट व्हिडिओ पाठवले. चार महिने हेच चाललंय आणि आता दोघं डबाही वेगवेगळा खाता. तुम्ही विचारलंय, "त्याचं तोंड बंद होईल असा एकच पुरावा सांगा."

पुरावा आहे, आणि नागपूरपासून फार लांब नाही. पण तो बघताना मित्राचं तोंड उघडं असलेलंच बरं. त्याने शंका काढल्या तरच त्या दगडाचा उपयोग.

आधी एक गोष्ट सुटी करू. तुमच्या वादात तीन प्रश्न एकात एक कालवले गेलेत. पृथ्वी किती जुनी? जमिनीतले थर एका वर्षाच्या प्रलयात साचले का? देव आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना खडक उत्तर देतात, तिसऱ्याला देत नाहीत. तुम्ही लिहिलंय, "वय सिद्ध झालं की देव आपोआप खोटा ठरतो." हे वाक्य चुकीचं आहे, ते सोडून द्या. ते सोडलंत तर निम्मं भांडण तिथेच मिटेल. तुमच्या बोलण्यात मित्राला जोवर "पृथ्वी जुनी, म्हणून तुझा देव नाही" असं ऐकू येतंय, तोवर तो 6 हजारांचा आकडा सोडणार नाही. त्याच्या लेखी तो आकडा राखत नाही, तो घरची प्रार्थना राखतोय. बेसॉल्टचं, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या काळ्या दगडाचं, वय मोजणाऱ्या यंत्रात देवाची नोंद होत नाही, ना असल्याची, ना नसल्याची.

पुढचं थोडं तो कोणत्या मंडळीतला, म्हणजे कोणत्या चर्चचा आहे यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. कॅथलिक असेल तर 6 हजार वर्षं ही त्याच्या चर्चची अधिकृत शिकवण नाही. 1950 मध्ये पोप पायस बारावे यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास व्हायला हरकत नाही असं लिहिलं, आणि 1996 मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती आता निव्वळ एक गृहीतक राहिलेली नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा असेल (या चर्चची स्थापना 1970 साली नागपुरातच झाली), तर त्याच्या मंडळीत दोन्ही मतांची माणसं सापडतील. एखाद्या स्वतंत्र मंडळीतला असेल आणि पाळकांनीच 6 हजार वर्षं शिकवली असतील, तर त्याच्यासाठी ही गोष्ट जड आहे. त्याला वेळ द्या.

हा आकडा आला कुठून तेही माहीत असू द्या. पवित्र शास्त्रात तो कुठेही आकड्यात लिहिलेला नाही. वंशावळ्यांतली वयं जोडून तो काढला जातो. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 साली हिशेब करून निर्मितीचं वर्ष इसवी सनापूर्वी 4004 असं मांडलं, आणि पुढे ते इंग्रजी बायबलच्या समासात छापलं जाऊ लागलं. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग पहिले तीन "दिवस" कसले, हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनीच फार पूर्वी विचारला होता. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन यांनी बजावलं होतं की ख्रिस्ती माणसाने आकाश-पृथ्वीबद्दल चुकीचं ठासून सांगितलं आणि त्यातलं जाणणाऱ्या परक्याने ते ऐकलं, तर पुनरुत्थानाबद्दलचं त्याचं म्हणणं तो परका कसा मानेल? मात्र हे सगळं तुम्ही मित्राच्या तोंडावर फेकू नका. त्याचं शास्त्र त्यालाच शिकवायला गेलात की गाडी पुन्हा पहिल्या जागी येते. त्याने विचारलं तर सांगा.

त्यापेक्षा त्याला स्टीफन हिस्लॉप यांच्याबद्दल सांगा. सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज त्याला माहीत असेलच. ज्यांच्या नावाने ते आहे ते हिस्लॉप स्कॉटलंडचे मिशनरी. 1845 मध्ये ते नागपूरला आले, शाळा काढली, सुवार्ता सांगितली आणि उरलेल्या वेळात विदर्भातले खडक पालथे घातले. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर हेही मिशनरीच. दोघांनी मिळून नागपूरच्या आसपासच्या भूस्तरांवर आणि जीवाश्मांवर 1855 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापला. नागपूरच्या टाकळीचे जीवाश्म शास्त्रीय जगाला कळले ते त्यांच्यामुळे. डार्विनचा ग्रंथ आला त्यानंतर चार वर्षांनी, 1859 मध्ये. किरणोत्सर्ग सापडला 1896 मध्ये. म्हणजे "लांबलचक काळ ही डार्विनवाल्यांची सोय आहे" हा मुद्दा तारखांवरच पडतो. इंग्लंडमध्येही तसंच: केंब्रिजचे भूवैज्ञानिक ॲडम सेजविक स्वतः धर्मोपदेशक होते, आणि 1831 मध्ये त्यांनी भर सभेत सांगितलं की वरचे गाळाचे थर एकाच जलप्रलयाचे आहेत हे आपलं मत आपण मागे घेतो. खडक बघूनच घेतलं.

म्हणून सध्या उत्क्रांतीचा विषय काढूच नका. तो मोठा आहे, स्वतंत्र आहे, आणि वयाचा प्रश्न त्याच्यावाचून सुटतो.

आता कार्बन. इथे मित्राचं अर्धं बरोबर आहे आणि तुमचं अर्धं चूक. कार्बन-14 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, 5,730 वर्षं. साधारण 50 हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही, आणि तो एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंनाच लागू पडतो: लाकूड, हाड, कोळसा झालेलं बी. डायनासोरचं किंवा बेसॉल्टचं वय कार्बनने कोणी काढत नाही. तुम्ही त्याला "कार्बन डेटिंगने डायनासोर सिद्ध झालेत" असं लिहिलंय. ते मागे घ्या, आणि त्याच्यासमोर घ्या. तुम्ही एक चूक कबूल केलीत की त्यालाही एक करणं सोपं जातं.

आता दगड. नागपूर दोन दुनियांच्या सीमेवर बसलंय. पश्चिमेला अंबाझरी, फुटाळा, वाडी हा सगळा काळा बेसॉल्ट, म्हणजे दख्खनच्या ट्रॅपचा, लाव्हाच्या एकावर एक थरांचा, पूर्वेकडचा काठ. कामठी-उमरेडकडे गेलात की लाव्हाच्याही फार आधीचा, गोंडवाना काळातला वाळूचा दगड आणि कोळसा. लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये सापडणाऱ्या गाळाच्या थराला आम्ही भूवैज्ञानिक इंटरट्रॅपियन म्हणतो. टाकळीचा थर त्यातलाच. शहरातली बरीचशी जागा आता बांधकामाखाली गेली आहे, पण पश्चिमेकडे नवीन विहीर, पायाचा खड्डा किंवा नाल्याचा कापलेला काठ दिसला तर थांबून बघावं.

बघायचं ते खालून वर. खालच्या प्रवाहाचा माथा जाळीदार असतो. वायूचे बुडबुडे वर येऊन तिथेच गोठलेले, आणि त्या भोकांत नंतर झिओलाइट किंवा कॅल्साइट हे पांढरं खनिज भरलेलं. त्यावर फिकट रंगाची चिकणमाती, चुनखडी किंवा गारेसारखा टणक चर्ट, कुठे वीतभर, कुठे दोन-तीन हात. त्यावर पुन्हा काळा बेसॉल्ट, आणि जिथे तो टेकतो तिथली माती विटेसारखी भाजलेली. मधल्या थराचा तुकडा हातात घ्या. त्यात शंख दिसतील, बोटाच्या पेराएवढे, काही अंगठ्याएवढे. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड डाव्या हाताला आलं तर तो फायसा कुळातला. बहुतेक गोगलगाईंचं तोंड उजवीकडे असतं, या कुळाचं डावीकडे. ही गोड्या, संथ पाण्यातली गोगलगाय. मग 10 पट भिंग लावा. खसखशीच्या दाण्याएवढे, पेढ्यावर फिरवलेल्या नक्षीसारखे पिळाचे गोळे दिसले तर त्या कारा नावाच्या पाणशेवाळाच्या बियांसारख्या कुप्या. तीही उथळ तळ्यात तळाशी रुजून वाढते.

आता मित्राला वाचायला सांगा. लाव्हा आला, गोठला, थंड झाला. त्यावर पावसाचं पाणी साचून तळं झालं. तळाशी गाळ बसला, कारा रुजली, वाढली. गोगलगाई आल्या, लहान-मोठ्या सगळ्या वयाच्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि तळं झाकलं गेलं. हे एका वर्षाच्या खवळलेल्या प्रलयात कसं बसवणार? शिवाय लाव्हा पाण्याखाली वाहिला तर उशांसारखे गोल गोळे तयार होतात, त्याला पिलो लाव्हा म्हणतात. मुंबई परिसरात असा लाव्हा आहे, कारण तिथे पाणी होतं. पृथ्वी बुडालेली असताना दख्खनचा लाव्हा आला असता, तर सगळीकडे उशाच उशा दिसायला हव्या होत्या. दख्खनमध्ये त्या अपवादानेच सापडतात.

लाव्हा गोठायलाही वेळ लागतो, आणि तो मोजलेला आहे. हवाईमध्ये वाहत्या लाव्हावर मोजमाप करून एक साधं सूत्र बसवलं गेलं: वरच्या कवचाच्या जाडीचा मीटरमध्ये वर्ग करा आणि 165 ने गुणा, तेवढे तास लागतात. 10 मीटर कवचाला 16,500 तास, म्हणजे जवळपास 2 वर्षं. एकाच प्रवाहाची ही गोष्ट, आणि पश्चिम घाटात असे प्रवाह एकावर एक दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत चढलेत.

इथे स्वतःला आवरा. तळ्याचा थर आणि गोठण्याचा वेळ मिळून "सगळं एका वर्षात झालं" हे मोडतं. त्याने कोट्यवधी वर्षं सिद्ध होत नाहीत. एखादं तळं शंभर वर्षांतही भरतं. जेवढं दिसतं तेवढंच म्हणा.

एका तळ्यावर भागत नसेल तर खालचे थर क्रमाने बघा, कारण विदर्भात तो क्रम फार सुंदर आहे. सर्वांत खाली तालचीर थर, हिमनदीने आणलेले गोटे. चंद्रपूरजवळ इरई इथे हिमनदीने घासून ओरखडे पाडलेला चुनखडीचा तळ सापडला आहे. त्यावर कोळसा, म्हणजे दलदलीतलं जंगल. त्यावर कामठीचा वाळूचा दगड, त्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं. त्याहून वर लॅमेटा थर, त्यात डायनासोर. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडचं पिसदुरा त्यासाठी जगभर माहीत आहे. नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात याच लॅमेटा थरांत टायटॅनोसॉर या डायनासोरांची 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली गेली, हा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. आणि त्यावर आपला लाव्हा. बर्फ, जंगल, वाळू, घरटी, लाव्हा, तळं, पुन्हा लाव्हा. घरटं करायला कोरडी जमीन लागते, आणि प्रलयाच्या मधोमध ती मिळत नाही.

आता आकड्याकडे. बेसॉल्टचं वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने आणि तिच्या सुधारलेल्या आर्गॉन-आर्गॉन रूपाने काढतात. पोटॅशियम-40 चं अर्धायुष्य सुमारे 125 कोटी वर्षं. फुटणाऱ्या दर 100 अणूंपैकी साधारण 11 आर्गॉन-40 होतात, बाकीचे कॅल्शियम. आर्गॉन हा वायू. दगड वितळलेला असतो तेव्हा तो निसटून जातो, गोठला की स्फटिकात अडकतो. घड्याळ तिथून सुरू. 6.6 कोटी वर्षांत दर हजार पोटॅशियम-40 अणूंपैकी सुमारे 36 फुटतात, आणि त्यातले जेमतेम 4 आर्गॉन होतात. इतकं थोडं, पण मास स्पेक्ट्रोमीटर हे अणू वजनानुसार वेगळे करणारं यंत्र ते नीट मोजतं. दख्खनच्या ट्रॅपचा मोठा भाग 6.6 कोटी वर्षांच्या आसपास येतो, आणि थरांमधल्या राखेतल्या झिरकॉन या खनिजावर युरेनियम-शिसं पद्धत लावली तरी आकडा तिथेच येतो. दोन वेगळी मूलद्रव्यं, दोन वेगळी खनिजं, एकच उत्तर. या मोजमापांवरून हा भाग साधारण 10 लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असंही दिसतं.

मित्र म्हणेल, पूर्वी अणू जास्त वेगाने फुटत असतील. हिशेब करा: 6 हजार वर्षांत तेवढे फुटायचे तर वेग 11 हजार पट हवा. उष्णताही तितक्याच पटीने बाहेर पडेल. तरुण पृथ्वी मानणाऱ्यांच्याच एका संशोधन प्रकल्पाने 2005 च्या अहवालात ही उष्णतेची अडचण सुटलेली नाही हे मान्य केलंय.

तो माउंट सेंट हेलेन्सचं उदाहरण हमखास देईल, म्हणून तयार राहा. अमेरिकेतल्या या ज्वालामुखीत 1986 मध्ये गोठलेल्या दगडाचं वय प्रयोगशाळेने 3.5 लाख वर्षं दिलं, हे खरं आहे. कारणं दोन. त्या दगडात आधीच गोठलेले, जुना आर्गॉन धरून बसलेले स्फटिक होते. आणि इतक्या कोवळ्या दगडासाठी ती मोजणीच नव्हती. मणभराच्या तराजूवर वेलची ठेवण्यासारखं ते झालं. पण समजा, तीच चूक दख्खनच्या नमुन्यातही शिरली. 6.6 कोटीतून 3.5 लाख वजा करा. 6 कोटी 56 लाख 50 हजार उरतात. उलट बाजूचं उदाहरणही द्या: व्हेसुव्हियसचा इसवी सन 79 चा उद्रेक. त्याची तारीख इतिहासात लिहिलेली आहे. 1997 मध्ये त्या दगडावर आर्गॉन-आर्गॉन पद्धत लावली, उत्तर आलं 1,925 वर्षं, अधिक-उणे 94. खरं वय तेव्हा 1,918.

आकडे कधी जुळत नाहीत हेही लपवू नका. लोणारच्या विवराचंच घ्या. थर्मोल्युमिनेसन्सने सुमारे 52 हजार वर्षं आली, आर्गॉन-आर्गॉनने सुमारे 5 लाख 70 हजार. इतका फरक का, हा रास्त प्रश्न आहे. पहिली पद्धत स्फटिकांत साठलेली ऊर्जा मोजते. ही साठवण एका मर्यादेनंतर भरते, हळूहळू गळतेही, त्यामुळे वय कमी दिसण्याकडे कल असतो. दुसरी पद्धत उल्केच्या आघाताने वितळलेल्या काचेतला आर्गॉन मोजते. प्रत्येक वेळी आधी विचारायचं: हे घड्याळ नेमकं कोणत्या घटनेपासून सुरू झालं आणि मध्ये बिघडलं का? आम्ही म्हणूनच कुजलेला, पिवळसर पडलेला बेसॉल्ट घेत नाही. त्यातून आर्गॉन गळलेला असतो. आतला निळसर-काळा, हातोड्याखाली खणखणीत वाजणारा गाभा घेतो. मग नमुना टप्प्याटप्प्याने तापवतो आणि सलग टप्प्यांत तेच वय आलं तरच मानतो.

"विज्ञान रोज बदलतं" यावर पिसदुराच सांगा. डायनासोरच्या काळात गवत नव्हतं असं मानलं जायचं. 2005 मध्ये पिसदुराच्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सिलिकाकण सापडल्याचं प्रसिद्ध झालं, आणि पुस्तकातलं वाक्य बदललं. पिसदुरातल्या त्या थरांचं वय मात्र बदललं नाही. काय बदलतं आणि काय पक्कं होत जातं, हा भेद मित्राला दाखवण्याजोगा आहे.

या सगळ्यातून 454 कोटी वर्षं नागपुरात सिद्ध होत नाहीत. तो आकडा उल्कापाषाणांतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून येतो, 1956 मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी तो 455 कोटींच्या आसपास बसवला. नागपूरचा दगड 6 हजारांचा आकडा मोडतो, आणि तुमच्या वादाला तेवढं पुरे आहे.

जाण्याआधी एक कराच. एका कागदावर दोघांनी आपापला अंदाज लिहा: प्रलयात साचलं असेल तर मधल्या थरात काय दिसायला हवं, तळं असेल तर काय. समुद्राचे प्राणी की गोड्या पाण्याचे? सरमिसळ की एकाच जागचे? लाव्हाला उशा की जाळीदार माथा? हे आधी लिहिलं नाही तर जे दिसेल ते दोघंही आपल्याकडे ओढाल. परत आल्यावर कागद त्यालाच वाचू द्या, तुम्ही वाचू नका. आणि त्याने विचारलं, "मग एवढा काळ दिला कोणी?" तर दगडात ते दिसत नाही एवढंच सांगा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पावसाळ्यात काठ ढासळतात आणि उन्हाळ्यात काळा दगड तापतो. विहिरीत उतरू नका, बाहेर काढलेल्या ढिगातच भरपूर मिळतं. शेतमालकाला आधी विचारा. सीताबर्डीच्या टेकडीवरही ट्रॅप आहे, पण तो किल्ला लष्कराचा, तिथे हातोडा चालवायचा विचार नको. सोबत छिन्नी-हातोडा, डोळ्यांना चष्मा, 10 पट भिंग, पाण्याची बाटली आणि 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडची छोटी ड्रॉपर बाटली ठेवा. पांढऱ्या थरावर एक थेंब टाका. फसफसला तर चुना, नाही तर चर्ट किंवा माती. शंख नीट दिसत नसतील तर दगड आधी पाण्याने ओला करा. कोरड्या दगडात जे दिसत नाही ते ओल्यात लगेच उठून येतं.